सध्याचा वापर : निरंक

नकाशात ती जागा पांढरी आहे.
पांझरेकडे उतरणाऱ्या गल्लीच्या टोकाला
एक वाकडा चौकोन, एक बाजू खचलेली.
माझ्या टेबलावर फॉर्म :
क्षेत्रफळ. चतुःसीमा. सध्याचा वापर.
साहेब म्हणाले, निरंक लिहा नि पुढे पाठवा.
पेव्हर ब्लॉक बसतील, कुंपण, कारंजं,
गेटवर वेळा.

सुपडू शिपायाला घेऊन गेले,
टेपचं दुसरं टोक धरायला कुणी हवं.

सकाळी सात. पहिल्याच मापाला टेप अडली
हारुनभाईच्या गाडीच्या चाकात.
केळीची गाडी, साखळीने निंबाला बांधलेली.
निंब कुणाचा, मी विचारलं.
तो म्हणाला, कुलूप माझं आहे,
निंबाचं निंबाला विचारा.

पश्चिमेची हद्द लिहिली तेव्हा
तिथे सावली होती, सावलीत चार रिक्षावाले,
एक शेळी,
आणि कोर्टाची तारीख पुढे ढकललेला एक माणूस,
वहाणा उशाला घेऊन.
दुपार कलली तशी सावली पूर्वेला गेली,
तीही सगळी उठून पूर्वेला.
शेळी आधी.
ही हद्द कुठल्या शाईने आखायची?

उन्हाचा तुकडा जनकोरबाईचा.
जुन्या लुगड्यावर कुरडया,
कावळ्यांसाठी एक काठी.
पंचेचाळीस अंशांत तिच्या वाटणीवर
कुणी हक्क सांगत नाही.

बायका इथून जातात.
थांबल्याच तर हातात काही असतं :
दळणाचा डबा, पोराचं दप्तर,
कानाला मोबाइल, पलीकडे कुणी असो नसो.
मीही दिवसभर उभी राहू शकले
ती टेप होती म्हणून.
याच गल्लीत वाढले मी. नदीकडे बघत
जरा रेंगाळले की आईची हाक यायची,
उभी काय ऱ्हायनी व, घर चाल.
नदीत तेव्हाही बघण्यासारखं फार नव्हतं,
दगड, थोडं पाणी, धोब्याची दोरी.
पण बघायचं होतं.

आठे काय मोजस व माय?
जनकोरबाईनं कुरडईवरून हात न काढता विचारलं.
मोकळी जागा, मी म्हटलं.
ती हसली. मोकळी?
वर दख.

वर आडव्या फांदीवर
साल गेलेला गुळगुळीत वळ,
दोन ठिकाणी, हातभर अंतरावर.
आखाजीचा झोका.
वर्षातून दोन-तीन दिवस, माहेरी आलेल्या मुली,
आणि रिक्षावाले आपणहून लांबच्या वळणाने जातात.
मीही बसले होते, आठवीत असताना.
पुढे गेलं की पायांखाली पांझरा,
मागे आलं की सगळी गल्ली, गच्च्या, टाक्या,
आमच्या घराचं दारसुद्धा, केवढंसं.
आई खाली उभी होती
आणि घर चाल म्हणत नव्हती.

ऑफिसात येऊन लिहिलेलं निरंक खोडलं.
खोडाखोड चालत नाही मॅडम, सुपडू म्हणाला,
आणि स्वतःच नवा फॉर्म आणून दिला.
रकाना चार बोटं रुंद.
लिहिलं : वापर चालू आहे.

आठ दिवसांनी कागद परत, हिरव्या शाईत शेरा :
वापर कोणाचा? नाव, सही, पुरावा जोडावा.

कुणाची सही घेऊ?
शेळीचा अंगठा?
फांदीचा फोटो काढला, त्यात
नुसती फांदी दिसते.

रविवारी परत गेले. टेप नव्हती.
पर्सही घरी ठेवली होती, जरा ठरवूनच.
निंबाच्या मुळावर बसले.
हात कुठे ठेवावेत कळेना,
मग मांडीवर ठेवले.
हारुनभाई कुलूप काढत होता.
कुणाची वाट बघताय?
कुणाची नाही.
तो थोडा थबकला. साखळी गोळा केली,
आणि गाडी न्यायच्या आधी
मुळावर रात्रभर पडलेली केळीची सालं
पायाने पलीकडे सारली.